कंटाळवाणी रेस कशी बघावी, आणि शिव्या कुणाला घालाव्यात

२६ मे २०२४, रविवार, संध्याकाळचे साडेसहा. फॉर्म्युला वन ह्या मोटारींच्या शर्यतीतली मोनॅकोची रेस. आमच्या हॉलमध्ये पाच माणसं आणि परातभर भडंग. पहिल्याच लॅपला, म्हणजे पहिल्याच फेरीत, चढावर पेरेझ, मॅग्नुसन आणि हुल्केनबर्ग एकमेकांत घुसले, पेरेझच्या रेड बुल गाडीचा पार चुराडा झाला आणि लाल झेंडा निघाला. भाच्यानं मांडीवर थाप मारली. "आता बघा मामा, राडा होणार!"

राडा कसला. रेस लाल झेंड्यानं थांबली की टायर बदलायला परवानगी असते. कोरड्या रेसमध्ये दोन वेगळ्या प्रकारचे टायर वापरलेच पाहिजेत, हा नियम पुढच्या सगळ्यांनी गाड्या उभ्या असतानाच उरकून टाकला. म्हणजे नंतर पिटमध्ये, टायर बदलायच्या थांब्यावर, यायची गरजच उरली नाही. मग जी वरात निघाली ती शेवटपर्यंत. लेक्लेअर, पियास्ट्री, साइन्झ, नॉरिस, रसेल, व्हर्स्टॅपन, हॅमिल्टन, त्सुनोडा, अल्बन, गॅस्ली. सुरुवातीला पहिले दहा ज्या क्रमानं उभे होते, तेच दहा त्याच क्रमानं शेवटी आले. १९५० पासून चालत आलेल्या फॉर्म्युला वनमध्ये असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

तिसाव्या लॅपला मेहुणा "जरा डिझेल भरून येतो" म्हणून गेला तो गेलाच. बायको सुरुवातीला अडकित्ता घेऊन कैऱ्या फोडायला बसली होती. सत्तराव्या लॅपला लोणच्याची बरणी भरून फडकं बांधून झालं होतं. भाचा म्हणाला, "मामा, ह्यापेक्षा गणपतीची मिरवणूक बरी. निदान लेझीम तरी असतंय." आणि भाच्याला काय बोलायचं, सहाव्या नंबरवर प्रत्यक्ष गाडी चालवणारा व्हर्स्टॅपनच रेडिओवर एक शिवी हासडून म्हणाला, हे फारच कंटाळवाणं आहे, उशी आणायला पाहिजे होती.

मला मात्र त्या रेसमध्ये कंटाळा आला नाही. ह्यात मोठेपणा काही नाही, सवयीचा भाग आहे, आणि ती सवय लावून घेता येते. रेस न आवडल्याबद्दल दर दोन-तीन रविवारी मला कुणीतरी जाब विचारतं, जणू रेस मीच भरवली होती. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आधी खडाखडी बघायला शिका

आमचे आबा मला लहानपणी कोल्हापूरच्या खासबागेत कुस्तीला न्यायचे. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान, वर गोलाकार माणसांचा डोंगर. मोठी जोड लागली की पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच व्हायचं नाही. हाताला हात, मानेला मान, नुसती खडाखडी. मला भूक लागायची, झोप यायची, मी कुरकुर करायचो. आबा म्हणायचे, "हात बघू नको. पाय बघ. कुणाचा पाय मागं सरकतोय?"

त्यानंतर मला कुस्ती दिसायला लागली. डाव लागतो तो एका क्षणात, पण तो लागणार हे पाच मिनिटं आधी पायात दिसत असतं. आणि नाही लागला, कुस्ती बरोबरीत सुटली, तरी कोण कुणाला खेळवत होता हे माहीतगार माणूस घरी जाताना सांगतो.

मोनॅको म्हणजे ३.३३७ किलोमीटरच्या मैदानात ७८ लॅपची खडाखडी. इथं हात बघत बसलात, म्हणजे पहिल्या नंबरची गाडी बघत बसलात, तर झोप ठरलेली. पाय बघायचे. रेसमधले पाय म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर.

कागद आणि पेन्सिल

हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण माझ्याकडे ह्याच्याइतका खात्रीचा दुसरा नाही. उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या जॉब कार्डाची कोरी मागची बाजू मी रविवारी घरी आणतो. आडव्या ओळीत लॅपचे आकडे लिहायचे, पाचाच्या टप्प्यानं. उभ्या रकान्यात तीन जोड्या. तीनच. जास्त घेतल्या की हिशेब होतो, रेस राहत नाही. दर पाच लॅपनंतर स्क्रीनच्या डाव्या बाजूला जे अंतर दिसतं ते लिहायचं.

जोड्या कुठल्या घ्यायच्या? पहिला-दुसरा ही जोडी सगळे बघतात, ती सोडा. त्या दिवशी मी चौथा-पाचवा घेतला होता, नॉरिस आणि रसेल. भाचा म्हणाला, "चौथ्या-पाचव्याचं आपल्याला काय करायचंय?" तिथंच तर सगळा खेळ होता.

बघा कसं ते. मोनॅकोत पिटमध्ये जाऊन यायला साधारण वीस सेकंद जातात. चौथ्या नंबरच्या नॉरिसनं पाचव्या रसेलपेक्षा तेवढी आघाडी घेतली असती, तर तो पिटमध्ये जाऊन नवे टायर घालून पुन्हा रसेलच्या पुढंच बाहेर पडला असता. फुकटात नवे टायर! मग जुन्या टायरवरच्या पुढच्या तिघांची पंचाईत. रसेल पुढच्यांपेक्षा मऊ टायरवर होता आणि तेच टायर शेवटपर्यंत पुरवायचे म्हणून जपून, मागं रेंगाळत चालला होता. म्हणजे नॉरिस आणि त्याच्यात फट पडायची भीती होती. ही फट पडू द्यायची नाही, हे काम कुणाचं? सगळ्यात पुढं असलेल्या लेक्लेअरचं. तो मुद्दाम हळू चालवायचा. आपण हळू, म्हणून मागचे तिघं हळू, म्हणून नॉरिस रसेलपासून पळू शकत नाही.

माझ्या कागदावर ते आकडे वाढायचे, कमी व्हायचे, पुन्हा वाढायचे. टीव्हीवर चार गाड्या शाळेच्या रांगेसारख्या चालल्या होत्या आणि कागदावर पहिल्या नंबरचा माणूस पाचव्या नंबरच्या माणसावर नजर ठेवून गाडी चालवत होता. भाच्याला हे सांगितल्यावर तो उठून माझ्या शेजारी येऊन बसला. कंटाळा गेला नाही त्याचा, पण दहा लॅप तरी मोबाईल खाली राहिला.

टायरचं ज्यांना अवघड जातं त्यांच्यासाठी: लेथवर टूलची धार गेली की मशीन बंद पडत नाही. जॉब निघतच राहतो. फक्त पृष्ठभाग खरखरीत येतो, आवाज बदलतो, आणि जुना कारागीर पाठमोरा उभा असला तरी म्हणतो, "टूल बदल रे." टायरचं तेच. लॅपचा वेळ दोन-तीन दशांशानं वाढायला लागला की समजायचं, धार चालली. ते पहिल्यांदा कुणाचं होतंय हे कागदावर पकडता आलं, तर समालोचकाच्या आधी तुम्ही बोलाल. घरात एवढी किंमत पुरते.

शनिवार चुकवायचा नाही

काही रेस शनिवारीच होतात. रविवारी फक्त त्यांची पूजा असते. मोनॅको, आणि तसेच दुसरे गावातल्या रस्त्यांवरचे काही अरुंद ट्रॅक. २०२५ ला मोनॅकोच्या पात्रता फेरीत, म्हणजे रविवारी कोण कितव्या जागी उभा राहणार हे ठरतं त्या फेरीत, नॉरिसनं १ मिनिट ९.९५४ सेकंदांत लॅप मारला, लेक्लेअर त्याच्या मागं ०.१०९ सेकंदांनी. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा, मधे वाचलेली जागा वीतभर, आणि शंभर मिलिसेकंदांचा फरक. आम्ही लोक थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, काम करतो, आम्हाला हे बघून घाम फुटतो. ज्यानं हे बघितलं नाही आणि रविवारी थेट वरातीला आला, त्यानं कंटाळ्याची तक्रार करायची नाही. जेवणाला उशिरा येऊन पानात काही नाही म्हणणाऱ्यासारखं ते आहे. आपल्याकडे युरोपातल्या रेसची पात्रता फेरी शनिवारी संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराला असते, तेव्हा निमित्त सांगायलाही जागा नाही.

ओव्हरटेक मोजू नका

नव्या प्रेक्षकाचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ओव्हरटेक जास्त तितकी रेस भारी. १९९२ ची मोनॅको घ्या. मॅन्सेल सुरुवातीपासून पुढं होता, त्या वर्षीच्या पहिल्या पाचही रेस त्यानंच जिंकलेल्या. शेवटच्या काही लॅप उरल्या असताना चाकाची शंका आली म्हणून तो पिटमध्ये गेला, बाहेर आला तो आयर्टन सेनाच्या मागं. नवे टायर, कितीतरी वेगवान गाडी. डावीकडून बघतोय, उजवीकडून बघतोय, बोगद्यातून बाहेर पडताना चाकाला चाक लागेल इतका जवळ. सेनानं जाऊ दिलं नाही. ०.२१५ सेकंदांनी जिंकला. त्या पाठलागात ओव्हरटेक शून्य, आणि इतकी वर्षं झाली तरी लोक तीच सांगतात.

आता ह्याच रेसमध्ये एक गंमत लपलेली आहे. आजकाल मोनॅकोवर पहिली शिवी बसते ती गाड्यांच्या आकाराला. २०२५ पर्यंतच्या गाड्या साडेपाच मीटर लांब, दोन मीटर रुंद, जड, त्या गल्लीत मावणार कशा. लांबी-वजनाचं खरं आहे. पण रुंदीला १९९२ च्या गाड्या काकणभर जास्तच होत्या, आणि मॅन्सेललाही जाता आलं नव्हतं. गळीत हंगामात गगनबावड्याच्या रस्त्याला उसाच्या दोन ट्रॉल्यांमागं अडकून बघा. तुमच्याकडे मारुती असो की मर्सिडीज, ट्रॅक्टरवाला म्हणेल तेव्हाच जायचं.

शिवी नेमकी बसली पाहिजे

तक्रार करू नका असं मी म्हणणार नाही. रविवारचे दोन तास गेलेत, तेवढा हक्क आहेच. पण कंटाळ्याच्या जाती वेगळ्या आणि प्रत्येकीचा गुन्हेगार वेगळा. सरसकट "एफ-वन आता राहिली नाही" म्हणणारा माणूस हॉटेलात मीठ जास्त झालं म्हणून शेतकऱ्याला शिव्या देतो.

पहिली जात रस्त्याची. ती वर सांगितली. तिथं ड्रायव्हरला नावं ठेवू नका.

दुसरी जात एकाच पैलवानाची. २०२३ मध्ये २२ पैकी २१ रेस रेड बुलनं जिंकल्या, त्यातल्या १९ एकट्या व्हर्स्टॅपननं. फक्त सिंगापूर साइन्झच्या वाट्याला आलं. अशा वर्षी एकच करायचं: पहिला नंबर स्क्रीनवर नाहीच असं समजायचं, दुसऱ्यापासून मोजायला सुरुवात करायची. मी त्या वर्षी चक्क टीव्हीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात चिकटपट्टी लावली होती. बायकोनं ती काढताना जी वाक्यं वापरली ती इथं देत नाही. ह्यात शिवी कुणाला घालायची असेल तर बाकीच्या नऊ टीमांना घाला, चांगली गाडी बनवणाऱ्याला कशाला?

तिसरी जात नियमांची, आणि ह्या बाबतीत मी जरा खडूस आहे. २०१० ला रेसमध्ये मधेच पेट्रोल भरणं बंद झालं आणि मोसमाची पहिली रेस बहारिनला झाली ती अगदी मिळमिळीत. त्यात ट्रॅक वाढवून ६.२९९ किलोमीटरचा केलेला. एका रविवारात जगबुडी आल्यासारखा आरडाओरडा झाला, नियम बदला, हे बदला, ते बदला. पुढचीच रेस मेलबर्नला पावसात झाली आणि सगळे गप्प. एका रेसवरून मोसमाची पत्रिका मांडू नका, पाच तरी होऊ द्या. त्याच मोसमाच्या शेवटी अबू धाबीला अलोन्सो पेत्रोव्हच्या मागं अडकला, लॅपमागून लॅप अडकूनच राहिला, सातवा आला आणि हातातलं विजेतेपद व्हेटेलकडे गेलं. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला ती एक गाडी दुसरीच्या मागं चाललेली दिसली. गुणांचा हिशेब हातात होता त्याला घाम फुटला.

पुढच्या वर्षी लवकर झिजणारे टायर आले, डीआरएस आलं. पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत आलात तर ठरलेल्या पट्ट्यात मागच्या पंखाची फट उघडायची, सरळ रस्त्याला वेग वाढायचा. हे का लागलं? तर पुढची गाडी हवा फाडत जाते, त्या विस्कटलेल्या हवेत मागच्या गाडीला वळणावर जमिनीची पकड मिळत नाही. रस्त्यावर तुम्ही-आम्ही ट्रकच्या मागं चिकटून हवेचा फायदा घेतो तो सरळ रस्त्यापुरता. ह्यांचं दुखणं वळणावरचं. डीआरएसनं ओव्हरटेक वाढले. पण हायवेवर इंडिकेटर देऊन पुढं गेल्यासारखे कितीतरी ओव्हरटेक मी बघितले, ज्यातला एकही आज आठवत नाही. कंटाळ्यावरचं औषध कधी कधी कंटाळ्याचीच दुसरी बाटली असते.

चौथ्या जातीला मी कंटाळा म्हणतच नाही, ती फसवणूक. २९ ऑगस्ट २०२१, बेल्जियममधलं स्पा. दिवसभर पाऊस. लोक रेनकोट घालून चिखलात तासन्‌तास उभे. संध्याकाळी सेफ्टी कारच्या, म्हणजे पुढं हळू चालून सगळ्यांना रांगेत ठेवणाऱ्या गाडीच्या, मागून गाड्यांना थोड्या फेऱ्या मारायला लावल्या, एकही लॅप मोकळेपणानं धावली नाही, आणि निकाल जाहीर! व्हर्स्टॅपन पहिला, रसेल दुसरा, हॅमिल्टन तिसरा, गुण निम्मे. पावसात रेस घेतली नाही हे बरोबरच. त्या पाण्यात पुढचं काही दिसत नव्हतं. पण रेस झाली नाही, तर झाली नाही म्हणा. हॅमिल्टननं उघड म्हटलं, लोकांचे पैसे परत करा. पुढच्या वर्षापासून नियम बदलला: सेफ्टी कारशिवाय निदान दोन लॅप झाल्याशिवाय गुण नाहीत. म्हणजे नेमकी घातलेली शिवी कामाला येते.

२००५ ची आठवण, आपल्या कामाची

१९ जून २००५, अमेरिकेतलं इंडियानापोलिस. आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपासची वेळ. आबा जागे होते, त्यांना नारायण कार्तिकेयन बघायचा होता. कोइम्बतूरचा पोरगा, भारतातून फॉर्म्युला वनमध्ये गेलेला पहिला. मिशेलिनचे टायर तिथल्या तिरक्या, वेगवान वळणावर टिकत नव्हते, शुक्रवारी राल्फ शुमाकरची गाडी तिथंच आपटली होती. तोडगा निघालाच नाही. रविवारी वीस गाड्या एक फेरी मारून आल्या आणि मिशेलिनवाल्या चौदा सरळ पिटमध्ये वळल्या. रेसला उरल्या सहा. स्टँडमधल्या लोकांनी हुर्यो केली, बाटल्या फेकल्या, कित्येक उठून गेले. मिशेलिननं पुढं तिकिटांचे पैसे परत द्यायचं कबूल केलं.

आबांना ह्यातलं काही समजत नव्हतं. "बाकीचे कुठं गेले?" "घरी." "मग आपला कितवा?" "चौथा." मायकेल शुमाकर पहिला, बॅरिकेलो दुसरा, माँतेइरो तिसरा, नारायण चौथा. पाच गुण, फॉर्म्युला वनमध्ये भारतीय माणसाचे पहिले गुण. जगातल्या लोकांनी त्या रेसला शिव्या घातल्या आणि त्या बरोबर होत्या. आमच्या घरात रात्री दीडला आबांनी आईला उठवून चहा करायला लावला. सहातला चौथा, पण चौथा.

ह्यावरून काढलेला माझा उपाय साधा आहे: प्रत्येक रेसमध्ये मागचा एक माणूस आपला मानायचा. दहाव्या नंबरनंतरचा. त्याला गुण मिळाला नाही तरी चालेल. लेक्लेअरची ती २०२४ ची मोनॅको आपल्याला रटाळ, पण मोनॅकोकरांना विचारा. तो तिथलाच मुलगा. २०२१ ला पोलवर, म्हणजे रांगेत पहिल्या जागी, होता, गाडी सुरूच होऊ शकली नाही. २०२२ ला पुन्हा पोलवर, पावसात पिटचं गणित चुकलं, चौथा आला. १९३१ मधल्या लुई शिरोननंतर पहिल्यांदा गावचा माणूस गावची रेस जिंकत होता. शेवटच्या लॅपना त्याला गेलेल्या वडिलांची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं होतं, बोगद्यातून बाहेर येताना नीट दिसत नव्हतं असं त्यानं नंतर सांगितलं. आपला माणूस असला की वरातही चालते. लग्नात नाही का चालत.

प्रत्यक्ष ट्रॅकवर गेलात तर

हे वेगळंच प्रकरण. २०१२ च्या ऑक्टोबरात आम्ही तिघं मित्र कोल्हापूरहून निजामुद्दीनची गाडी पकडून ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर गेलो. ६० लॅप. साठच्या साठ लॅप व्हेटेल पुढं. त्याच्या आदल्या वर्षीही सगळ्या लॅप तोच पुढं होता, त्याच्या पुढच्या वर्षीही तिथं तोच जिंकला. टीव्हीवर बघणाऱ्यांनी आम्हाला फोन करून विचारलं, झोपलात काय?

झोप कुठली. त्या वेळचं व्ही-आठ इंजिन छातीत वाजायचं. पण एक सांगतो, स्टँडमध्ये बसून रेस समजत नाही. गाडी समोरून जाते ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत, मग दीड मिनिट तोंड बघत बसायचं. म्हणून: मोठा स्क्रीन दिसेल अशीच जागा घ्या, नाहीतर कानात समालोचन ठेवा. वळणाजवळ बसा, सरळ रस्त्याला नाही. सरळ रस्त्याला नुसती रेघ दिसते, वळणावर ब्रेक कोण उशिरा लावतो ते दिसतं. कानात बोळे घाला, टोपी घाला, आणि खायचं पोटभर खाऊन जा. आमच्याजवळ दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती गेटवरच ठेवावी लागली. मला आजही त्या चटणीचं वाईट वाटतं.

आणि तिथंही मागचा माणूस. नारायण त्या वेळी एचआरटी नावाच्या टीममध्ये होता, रांगेच्या शेवटाला. व्हेटेल गेला की स्टँड शांत. नारायण आला की सगळे उभे. दर वेळी. पुढच्या माणसाला एकदाही कुणी ओलांडलं नाही अशा त्या रेसमध्ये माझा घसा बसला होता.

घरच्यांचं काय

रेस लावायच्या आधी सांगून ठेवा की आजची मोनॅको आहे किंवा आजची भारी आहे. खोटं आश्वासन देऊन माणसं बसवलीत तर पुढच्या वेळी रिमोट मिळणार नाही. सुरुवात आणि पहिल्या पाच लॅपना सगळ्यांना बोलवा, मग मोकळं सोडा. मधल्या तीस लॅप म्हणजे कामाची वेळ: कपड्यांच्या घड्या, शेंगा फोडणं, लोणचं. कान स्क्रीनकडे ठेवायचा. समालोचकाचा आवाज चढला की वर बघायचं. शेवटच्या पंधरा लॅपना पुन्हा हाक मारा. झोप आली तर झोपा, त्यात पाप नाही, पण चाळीस ते पन्नासच्या मधे झोपा. सुरुवातीला झोपलात तर शेवट समजत नाही. अमेरिकेतली रात्रीची रेस असेल तर जागूच नका, सकाळी चहाबरोबर बघा, फक्त मोबाईल बघायच्या आधी.

२०२५ ला मोनॅकोवर औषध म्हणून नवीन नियम आला: प्रत्येकानं टायरचे निदान तीन सेट वापरायचे, म्हणजे दोनदा पिटमध्ये यायचंच. झालं उलटंच. लॉसननं मागच्यांना अडवून धरलं आणि त्याच्याच टीमच्या हाजारला पिटला जायला फट करून दिली. मग विल्यम्सच्या साइन्झ आणि अल्बननं एकमेकांसाठी आळीपाळीनं तेच केलं. मजा आली नाही हे दोघांनीही नंतर कबूल केलं. अल्बनच्या मागं रसेल इतका तापला की बोगद्यानंतरचं वळण सरळ कापून पुढं निघून गेला, शिक्षा भोगतो म्हणाला. दहा सेकंदांवर भागेल असं त्याला वाटलं असावं, पण मिळाली पिटमधून हळू जाऊन यायची शिक्षा.

ते झालं तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो. हॉलमधून भाच्याचा आवाज आला, "मामा, गेला! कापून गेला!" बाहेर येऊन बघतो तर माझी पेन्सिल त्याच्या हातात आणि जॉब कार्डावर अल्बन-रसेलचा रकाना शून्य पूर्णांक सात, शून्य पूर्णांक सहा, शून्य पूर्णांक आठ असा ओळीनं भरलेला. नॉरिस जिंकला ते आम्ही दोघांनी नीट बघितलंच नाही. कार्ड मी जपून ठेवणार होतो, पण सकाळी त्याच्या दुसऱ्या बाजूला, जॉब नंबरच्या खाली, बायकोनं किराणा लिहिला होता: गूळ दोन किलो, मोहरीची डाळ, हिंग, आणि बरणीला नवीन फडकं.